जावयाच्या घरची भिंत

माणसाला बिबट्यानं धरलं, मगरीनं ओढलं, हे तुम्ही ऐकलं असेल. घरानं माणूस गिळायला घेतला, आणि तोही घरमालकाचा सासरा, ही गोष्ट मात्र तुम्हाला माझ्याकडूनच ऐकावी लागेल. कारण गिळला जाणारा मीच होतो, आणि घराची तशी काही चूक नव्हती.

माझं नाव गंगाराम उतेकर. कोयनेच्या जलाशयावर मी उभी हयात लाँच चालवली. बामणोलीच्या अंगाला पाणी इतकं रुंद आहे की पलीकडच्या काठावरचा माणूस मुंगीएवढा दिसतो. त्या मुंगीला मी अलीकडून हाक मारायचो आणि ती वळून बघायची. एकदा थंडीत सकाळी मारलेली हाक समोरच्या डोंगराला थडकून परत आली तेव्हा मी भाकरी खाऊन हात धूत होतो. खोटं वाटत असेल तर त्या डोंगराला विचारा.

पुढं पाण्यावरून पूल झाला आणि लाँच काठाला लागली ती लागलीच. बायको आधीच गेली होती. एकदा पडवीत पाय घसरून पडलो आणि शेजारचं माणूस सहज डोकावेपर्यंत तसाच पडून राहिलो. हे साताऱ्याला माझ्या लेकीच्या, सारिकाच्या, कानावर गेलं. ती आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, आम्ही घर बांधतोय, त्यात तुमची खोली असेल, आणि तुम्ही येणार नसाल तर मी घरच बांधणार नाही. हट्ट आईचा घेतला आहे तिनं. मी मान डोलावली.

आता आमच्या घराण्यात लेकीच्या घरी राहायची रीत नाही. माझा आजा लेकीकडं गेला की पाणीसुद्धा स्वतःचं न्यायचा. एका उन्हाळ्यात त्याचा तांब्या वाटेत कलंडला, जीभ टाळूला चिकटली, पण जावयाच्या माठाला त्यानं हात लावला नाही. शेवटी वळवाची सर आली तेव्हा अंगणात आ करून उभा राहिला. पाऊस काही जावयाचा नव्हता. अशा आज्याचा नातू, तो मी.

आणि जावई तर माणूस असा, की त्याला नावं ठेवायला जागा नाही. निशिकांत भोईटे. धरणांत किती पाणी येणार याचा अंदाज बांधायचं काम घरी बसून करायचा. वडील लहानपणीच गेलेले. मला मामा म्हणायचा. मी त्याला जावईबापू म्हणायचो, आणि तो खोलीत आला की उठून उभा राहायचो.

घर बांधलं कारखानीस बाईंनी. बाई वास्तुविशारद, पण निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत काढलेलं. त्यांची माती साधी नव्हती. ती होती हाडमाती.

बाईंनी प्लॉटवर चहा पिताना समजावलं ते असं. आपलं हाड आपल्याला दगडासारखं मेलेलं वाटतं, पण ते जिवंत असतं. त्यात दोन जातींच्या पेशी राबत असतात. एक जात हाड घालते, दुसरी खाते. जिथं भार पडतो तिथं घालणारीचं चालतं, जिथं पडत नाही तिथं खाणारीचं. म्हणून पैलवानाचं हाड भरीव, आणि अंतराळात महिनोन्‌महिने तरंगून आलेल्या माणसाचं पोकळ. तीच युक्ती बाईंनी मातीत उतरवली होती. चुना घालणारे जीवाणू आणि चुना विरघळवणारे जीवाणू एकाच मातीत कालवले, त्यात केसाहून बारीक तारांचं जाळं सोडलं आणि त्या गाऱ्याच्या भिंती उभ्या केल्या. जाळ्याला पावलं कळतात, आवाज कळतो, कोण कुठं टेकतं, कुठं लोळतं ते कळतं. ज्या खोलीत वर्दळ, तिची भिंत आतल्या अंगानं झिजते आणि बाहेरच्या अंगानं वाढते. खोली ऐसपैस होते. जिथं कोणी वावरत नाही तिथं याच्या उलट. भिंत जागची सरकत नाही. ती इकडं विरघळते आणि तिकडं साकळते, एवढंच.

“नकाशा काढायला बसलं की माणसं खोटं सांगतात,” बाई म्हणाल्या. “पुस्तक न उघडणारा वाचनाची खोली मागतो. टीव्हीसमोर जेवणारे लोक बारा माणसांचं टेबल मागतात. मग जन्मभर त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे पडलेले. म्हणून मी विचारतच नाही. वर्षभर घर कच्चं ठेवते, तुम्ही राहा, घर बघून घेईल.”

वर्ष झालं की मुरवणी. पाइपांतून भिंतींत शेवटचा अर्क सोडायचा. तो घराला आधी हावरं करतो. राहिलेलं सगळं काम ते काही तासांत उरकतं, आणि मग जीवाणू मरतात. त्यानंतर खिळा ठोकाल तर खिळा वाकेल. शंभर वर्षं घर तसंच. मुरवणी पुढं ढकलता येत नाही, कारण जीवाणूंचं आयुष्य तेवढंच. आणि त्या वेळी घरात कोणी असता कामा नये.

खोटं सांगणारी माणसं बाईंना ठाऊक होती. खोटं वागणारा माणूस त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.

निशिकांतनं मला पश्चिमेची खोली दिली. खिडकीतून यवतेश्वराचा डोंगर, आणि डोंगरापलीकडं माझं पाणी. चांगली ऐसपैस खोली, पलंग, कपाट, पंखा. मी पलंगावर कधी निजलो नाही. भिंतीलगत चटई टाकायचो आणि सकाळी गुंडाळून ठेवायचो. कपडे कपाटात लावले नाहीत, बॅगेतच ठेवले. पंखा लावला नाही. खुर्चीच्या कडेवर बसायचो, पाठ न टेकता. लाँचवर लोक चढताना बोट हलू नये म्हणून पाय कसा ठेवायचा ते मला येत होतं. त्या पावलांनी मी घरात चालायचो. न्याहारी झाली की कप विसळून बाहेर पडायचो, तो दिवे लागल्यावर परत. आणि बोलायचो तर नाहीच. ज्या माणसाच्या गप्पांपायी लाँच दोनदा धक्का सोडून पुढं गेली होती, तो माणूस जावयाच्या घरात “हो” आणि “बास” या दोन शब्दांवर राहिला.

दाराशी एक उजळणारी पाटी होती. घरात किती जण आहेत ते जाळं तिथं दाखवायचं. एकदा आत येताना सहज बघितलं: ते दोघं आत, मी उंबऱ्याच्या आत, आणि पाटीवर ‘घरात दोन माणसं’. मला त्याचा अभिमान वाटला. याला म्हणतात लेकीच्या घरी राहणं.

कपाटाचं दार पलंगाला अडायला लागलं तेव्हा सारिकाच्या लक्षात आलं. तिनं टेप लावली. खोली चांगली दीड हात आत आली होती. दिवाणखाना, जिथं निशिकांत दिवसभर मोठमोठ्यानं मीटिंगा करत फेऱ्या मारायचा, तो तेवढाच वाढला होता.

सारिकाचा तोल गेला. तिला वाटलं, नवऱ्यानं घराला काहीतरी सांगितलं. फोनवरून एखादं बटण दाबलं. तिनं तसं तोंडावर विचारलं. निशिकांत म्हणाला, या घराला सांगता येत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, मला एवढंच माहीत आहे की तुझी खोली वाढते आणि माझ्या बापाची आटते. आणि तो गप्प बसला, हाच तिनं पुरावा मानला.

मग माझ्या मार्फत संसार सुरू झाला. एका टेबलावर बसून ती मला म्हणायची, आबा, त्यांना सांगा आमटी गरम आहे. तो म्हणायचा, मामा, तिला सांगा मला दिसतंय. मी दोघांच्या मधे खुर्चीच्या कडेवर. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. पण मनात दुसरंच शिजत होतं. खोली आपोआप गेली तर लेकीला नाही म्हटल्याचा दोष येत नाही. बॅग उचलायची आणि पाण्याकाठी परत. पडलो तर पडलो. तिथं निदान पाठ टेकून बसता येतं.

सारिका स्वस्थ बसणारी नव्हती. घराला भार कळतो ना, मग भार देऊ, असं तिनं ठरवलं. सासरच्या शेतातून शेंगांची आणि तांदळाची पोती आणवली, पलंग-कपाट बाहेर काढलं आणि माझ्या खोलीत छातीएवढी थप्पी लावली. पोटच्या पोरीची माया बघा. बाप हलका पडतो म्हणून पोत्यांची भर घातली.

घरानं नीट विचार केला. न हलणारं वजन, अंधार, आवाज नाही. म्हणजे ही खोली नव्हे, ही कोठी. कोठीला खिडकी कशाला? उंदीर येतील. खिडकी कडेनं भरत भरत ताटाएवढी झाली. दार इतकं चिंचोळं झालं की मी आडवा होऊन आत जायला लागलो. मुरवणीआधीच्या तपासणीला कारखानीस बाई आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे कोणी केलं? सारिकानं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. आता वेळ उरला नव्हता. कोठी तर कोठी. मागं अंगणात मामांना वेगळी खोली काढू पुढंमागं, म्हणाल्या. सारिका स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छच होती.

मुरवणीच्या दिवशी अंगणात मांडव घातला. निशिकांतच्या आत्या, मावश्या, चुलते जमले. सगळे बाहेर, घर रिकामं. मी पाहुण्यांना पाणी देत फिरत होतो, आणि बामणोलीची गाडी किती वाजता सुटते ते मला पाठ होतं. गडबडीत कोणाला कळणार नव्हतं. फक्त बॅग आत राहिली होती, पोत्यांमागं.

मागच्या दारानं शिरलो. नेहमीच्याच पावलांनी. आडवा होऊन खोलीत गेलो, पोती चढून पलीकडं उतरलो आणि बॅग ओढायला लागलो. ती एका पोत्याखाली अडकलेली. तेवढ्यात त्या ताटाएवढ्या खिडकीतून बाहेरचा आवाज आला. कारखानीस बाई पाटी वाचत होत्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“घरात कोणी नाही.”

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण ते ऐकून मला वाटलं, बरोबर आहे.

बाहेर अर्काची झडप उघडली. भिंतींतून सुरसुर आवाज आला, भाताला आधण येताना येतो तसा. आंबूस वास सुटला. मी बॅग हिसकली, पोत्यांवरून दारापाशी आलो, तर दार मघापेक्षा वीतभर कमी. एकटा असतो तर अंग चोरून निघालो असतो; अंग चोरण्यात माझा हात कोणी धरला नसता. पण मी आधी बॅग पुढं सारली. ती फटीत बसली ती घट्ट बसली. ओढली, निघेना. ढकलली, जाईना. भिंतीनं दोन्हीकडून तिला कवळलं, तिच्या कातडी पट्ट्यावर पांढरा थर चढायला लागला, आणि माझीच बॅग माझ्या दाराला बूच होऊन बसली. मी आतल्या बाजूला.

हाक मारावी? बाहेर जावयाची सगळी भावकी. मुलीचा बाप बॅग घेऊन पळताना भिंतीत सापडला, हे तिच्या सासरी जन्मभर चघळलं गेलं असतं. मी पोत्यावर बसलो. तेही कडेवर. बसल्या बसल्या बघत होतो, तर समोरची भिंत जवळ येत होती. दिसत नव्हती येताना. पण पोत्याची शिवण आणि भिंत यांच्यात मघाशी बोट जात होतं, ते आता जाईना. खिडकी ताटाची वाटीएवढी झाली. श्वास घेतला की आंबूस वास टाळूला लागायचा.

त्या वाटीएवढ्या भोकाबाहेर दोघं येऊन उभी राहिली. आवाजावरून ओळखलं, सारिका आणि निशिकांत. पाहुण्यांपासून दूर भांडायला आली होती.

ती म्हणाली, “बघ, खिडकीसुद्धा गेली. आता आबांना काय सांगू? पोत्यांवर निजा?”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा, ते राहू दे,” निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज मीटिंगमधला नव्हता. “पण मला एक सांग, मी त्या माणसाचं काय वाईट केलंय? वर्ष झालं, या घरात त्यांनी पंखा लावला नाही. मी आलो की उठून उभे राहतात, साहेब आल्यासारखे. मला ताप होता तेव्हा दिवसभर बाहेर पायरीवर बसून होते. आत येऊन कपाळाला हात लावला नाही. मला वाटलं होतं, घरात एक वडीलधारं माणूस येईल. त्यांच्या लेखी मी अजून परकाच आहे, सारिका.”

मी त्या दिवशी पायरीवर का बसलो होतो, माहीत आहे? जावयाच्या झोपायच्या खोलीत सासऱ्यानं पाऊल टाकू नये म्हणून. दिवसभर तिथं बसून मी त्याचा खोकला मोजत होतो.

“तसं नाही, जावईबापू,” मी हळूच म्हणालो.

भोकावर एक सावली वाकली.

“आबा?” सारिका म्हणाली. “आत आहात?”

“आहे. पण घाई नाही. तुमचं चालू द्या.”

पुढचं काही क्षणांत झालं. सारिका मांडवाकडं धावली. निशिकांत ओरडला, बंद करा, घर गेलं खड्ड्यात, बंद करा. बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, आता बंद केलं तर भिंत ना ओली ना पक्की, ठिसूळ होईल, छप्पर त्यांच्यावर येईल. मग निशिकांतनं कुठूनतरी पहार आणली आणि भोकाशेजारी घाव घातला. घाव बसला तिथं भिंत तडकायच्या ऐवजी फुगली. हाडच ते, बाहेरून मार बसला की तिथं जास्त घट्ट होणार. भोक वाटीचं पेल्याएवढं झालं. बाईंनी त्याच्या हातातली पहार ओढून घेतली.

मग त्यांनी भोकाला तोंड लावून मला सांगितलं. बाहेरचा घाव म्हणजे घराला धोका. आतली वर्दळ म्हणजे माणूस. या घडीला घर हावरं आहे, वर्षभरात शिकलं नाही ते आत्ता पळात शिकेल. आत माणूस राहतो हे त्याला पटवा. आपल्या घरात वागतो तसं वागा.

मी उठलो. पाय आपटले. पोत्यांवर थापा मारल्या. मग खोलीतला माणूस काय करतो ते आठवून म्हणालो, “जावईबापू, जमलं तर, सवडीनं, जरा पाणी…”

भिंत माझ्या खांद्याला लागली.

“त्याला पटत नाहीये,” बाहेर बाई कोणाला तरी म्हणाल्या. “नाटक आणि राहणं यातला फरक कळतो जाळ्याला.” भोक रुपयाएवढं उरलं होतं. त्यातून उजेडाची एक काडी येत होती, तीही बारीक होत चाललेली. मी खांदे आत ओढले. हे मला छान जमत होतं, वर्षभराचा सराव. मी अंग चोरायचो, भिंत तेवढी पुढं यायची. आणखी थोडं चोरलं असतं तर बहुधा मी उरलोच नसतो. सारिका नुसतं आबा, आबा म्हणत होती.

उजेड झाकला गेला. निशिकांतनं तोंड भोकाला लावलं होतं.

“मामा,” तो म्हणाला, “तो लाँचवर बिबट्या चढल्याचा किस्सा. सारिकानं सांगितला मला.”

ही वेळ होती का? मी म्हणालो, हो, चढला होता.

“पोहत आला असेल, मान्य. पण तो पुढच्या फळीवर बसला आणि त्यानं तिकीट काढलं, असं म्हणता तुम्ही. हे काही खरं नाही. गावातले लोक बिचारे ऐकून घेतात तुमचं. माझ्यासमोर सांगून दाखवा. तुम्ही सांगत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे, मी मानणार नाही.”

माझ्या आयुष्यात पुष्कळ जणांनी माझ्या गोष्टींवर शंका घेतली आहे. पण बिबट्यावर नाही. त्या बिबट्याला साक्षीदार होते, त्यातले दोघं अजून जिवंत आहेत.

“अरे निशिकांत,” मी म्हणालो, “तू होतास का तिथं?”

आणि मग मी सांगितलं. लाँच कुठं होती ते डावा हात लांब करून दाखवलं. कोपर भिंतीला लागलं. मी ते मागं घेतलं नाही, बिबट्या मोठा होता, त्याला काय करणार. तो कुठून पोहत आला ते दाखवायला पोत्यावर पाय दिला, पोतं उसवलं, शेंगा पायाखाली फुटायला लागल्या. मी त्या तुडवत पुढं गेलो. बिबट्याची बैठक दाखवायला खाली बसलो आणि पाठ भिंतीला टेकली, चांगली रेलून. मी त्याला विचारलं कुठं जायचं, तर त्यानं पलीकडच्या काठाकडं बघितलं. फुकट नेत नाही म्हणालो, तर त्यानं तोंडातला मासा काढून माझ्या पायाशी ठेवला. आता याला तिकीट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शेवटी मी पैलतीराला जी हाक दिली होती, धक्क्यावरच्या बायकांनो बाजूला व्हा म्हणून, तीच तशीच दिली. वर्षभर साठलेली होती. मांडवातल्या आत्याबाईंच्या हातातला पेला पडला, असं मागाहून कळलं.

भानावर आलो तेव्हा मी दोन्ही हात फैलावून उभा होतो आणि हात कुठंच लागत नव्हते.

उजेडाची काडी जाडजूड झाली होती. बाई बाहेरून म्हणत होत्या, थांबू नका, थांबू नका. मी कशाला थांबतोय. मी म्हणालो, निशिकांत, बोलून बोलून घसा कोरडा पडला, चहा आण. साखर नेहमी कमी घालता तुम्ही लोक, आज नीट घाल. आणि माझ्या खोलीतल्या पंख्याला एवढा आवाज का येतो, ते एकदा बघून घे.

पंखा मी कधी लावलाच नव्हता. पण तक्रार केल्याशिवाय घर आपलं होत नाही.

त्यानं स्वतः चहा आणला. भोकातून कप आत येईना. मी आतून हात घातला, त्यानं बाहेरून कप धरला, आणि दोघांच्या बोटांच्या मधली ती कड बघता बघता ओली होऊन मागं गेली. कप आला. बशी पण आली. जावयाच्या घरचा तो चहा मी पाठ टेकून, फुर्र आवाज करत प्यायलो. माझ्या आज्यानं वरून बघितलं असेल तर बघू दे.

दाराशी पाटी उजळली. सारिका ती वाचायला गेली आणि वाचून तिथंच उंबऱ्यावर बसली. नंतर तिनं मला सांगितलं, पाटीवर होतं, ‘घरात एक माणूस’.

मुरवणी संपली तेव्हा खिडकीतून मी पाय टाकून बाहेर आलो. ती आता दारापेक्षा मोठी आहे. निशिकांत समोर उभा होता, हाताला पहारीचे फोड. मी आधी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तरी लावला.

घर आता शंभर वर्षं असंच राहणार. कारखानीस बाई त्याचा फोटो कोणाला दाखवत नाहीत. माझी खोली दिवाणखान्यात पोटासारखी पुढं आली आहे. बिबट्या जिथं बसला होता तिथं भिंतीला चांगला बाक आहे, त्यात पाठ बरोबर बसते. दार रुंद झालं, पण बॅग काही निघाली नाही. तिचा पट्टा भिंतीत पक्का मुरला आहे, बाहेर आलेल्या कडीवर मी टॉवेल टाकतो. सारिकानं आतले कपडे काढून कपाटात लावले. ती आणि निशिकांत आता माझ्या मार्फत बोलत नाहीत. भांडतात तेसुद्धा समोरासमोर, आणि मी मधेच बोललो तर दोघं मिळून मला गप्प बसवतात.

संध्याकाळी काम संपलं की निशिकांत माझ्या खोलीत येतो, पलंगावर आडवा पडतो आणि चप्पल माझ्या चटईवर काढतो. कोणी पाहुणा आला की दिवाणखान्यातलं पोट बघून विचारतोच, हे असं कसं काय झालं. मग निशिकांत सुरू होतो. सकाळपासून रात्रीपर्यंत मामा आत होते, म्हणतो. भोक सुईएवढं उरलं होतं. पहार माझ्या हातात वाकली. आणि मामांनी हाक दिली तेव्हा यवतेश्वरावरून दोन दगड गडगडत खाली आले.

मी आत बाकात पाठ टेकून ऐकत असतो. एकही दगड आला नव्हता. सांगावंसं वाटतं कधीकधी. पण नाही सांगत. घर त्याचंही आहे.